चिंचेनं बरी झालेली गाडी

बारा व्होल्ट! अहो, बारा व्होल्ट म्हणजे असतात तरी किती? केंद्र सरकारच्या वीज खात्यात मी उभी हयात घालवली. हजार हजार मेगावॉटच्या फायली एका सहीनं या टेबलावरून त्या टेबलावर पाठवल्या. त्यामुळे आमच्या चौदा वर्षांच्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा पहिल्यांदा लुकलुकला तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, हे तर रविवार सकाळचं काम. चहा निवायच्या आत दोष शोधून काढतो!

बायको शेजारच्या सीटवर बसली होती. अलकनंदा. पहाडगंजच्या मराठी शाळेत ती शिकवायची आणि जानेवारीअखेर निवृत्त होणार होती. आम्ही राहतो फरीदाबादला. इतकी वर्षं ती आधी बसनं आणि मग मेट्रोनं उभ्या उभ्या शाळेत गेली. मी ऑफिसात जात होतो तोवर मला त्याचं काही वाटलं नाही. स्वतः निवृत्त होऊन घरी बसल्यावर मात्र मी मोठ्या मनानं जाहीर केलं, "आता शेवटपर्यंत तुला गाडीनं सोडणार! अगदी शाळेच्या दारात!"

बिचारी खूश झाली. तिला निरोप समारंभात भाषण करायचं होतं आणि त्याची तिला धास्ती होती. वर्गात दिवसभर बोलणारी बाई, पण स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायची म्हटली की हिचा घसा कोरडा! "जाताना गाडीत म्हणून बघेन," ती म्हणाली. "तुम्ही ऐका आणि चुकलं तर सांगा."

ऐकणारच होतो हो मी! पण मध्ये तो दिवा आला.

आता या दिव्याचा स्वभाव सांगतो. सतत लागला असता तर दोन दिवसांत निकाल लावला असता. पण नाही! कधी बदरपूरच्या पुलावर लागायचा, कधी आश्रम चौकाच्या सिग्नलला. मग आठवडाभर गायब. मेकॅनिककडे नेला की इन्स्पेक्शनच्या दिवशीच्या बाबूसारखा एकदम शहाणा!

"सर जी, जब जले तब लाना," मेकॅनिक म्हणाला.

"अरे, जल रही थी तभी तो निकला था! यहाँ पहुँचते पहुँचते बुझ गई!"

"बुझ गई? तो फिर ठीक है ना!"

घरी येऊन मुलाला फोन केला. यतीन गुडगावला असतो. दिल्लीत वाढलेला, त्यामुळे त्याचं मराठी हिंदीच्या काठाकाठानं चालतं. "बाबा, यार, काढून टाका ना ती गाडी," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी पंधराची झाली की दिल्लीत तशीही बॅन होईल. एवढी जुनी चीज, कशाला तिच्यावर टाइम वेस्ट करताय?"

"जुनी झाली म्हणजे टाकायची का रे?"

"बाबा, मी गाडीबद्दल बोलतोय!"

मला ते लागलं. खरंच लागलं. ऑफिसातून निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत दुसरा बसला होता आणि महिनाभरात एकाही माणसानं एकही फाइल विचारायला फोन केला नव्हता. मी मनाशी ठरवलं, हा दोष मीच शोधणार. आणि त्याच रात्री जेवताना निदानही जाहीर केलं, "अल्टरनेटर! इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र असतं ना, त्याच्यातले ब्रश झिजले असणार. मधूनच टेकतात, मधूनच सुटतात."

"मग बदलून टाका," अलकनंदा म्हणाली.

असं कसं बदलून टाकायचं? सरकारी माणूस मी! आधी इतर सर्व शक्यता निकाली काढल्याशिवाय थेट मुद्द्याला हात घालायचा नाही, हे आमच्या खात्याचं पहिलं सूत्र. म्हणून मी आधी चांगली बॅटरी बदलली. दिवा लागला. मग पट्टा बदलला. दिवा लागला. मग अर्थिंगची वायर बदलली. दिवा लागला, आणि या वेळी जरा जास्तच तेजानं लागला असं मला वाटलं!

मग सुरू झाली निरीक्षणं. भागीरथ पॅलेसच्या वीजसामानाच्या बाजारातून व्होल्ट मोजायचा मीटर आणला. त्याच्या दोन तारा पुढच्या बॅटरीपासून आत घेतल्या आणि मीटर अलकनंदाच्या मांडीवर ठेवला. तिची पर्स मागे गेली. ऐन डिसेंबरात हीटर बंद, कारण विजेचा भार स्थिर पाहिजे. रेडिओ बंद, फोनचं चार्जिंग बंद. शाल पांघरून, मांडीवर मीटर घेऊन ती बसायची आणि सराई स्टेशन मागे पडलं की हळूच सुरू करायची.

"मुलांनो, मी या शाळेत आले तेव्हा मला वाटलं होतं, वर्षभर काढू आणि..."

"श्श! लागला! किती आकडा?"

"तेरा पूर्णांक... नाही, आता बारा. गेला का दिवा?"

"गेला. तू बोलत होतीस म्हणून मला पट्ट्याचा आवाज नाही ऐकू आला!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा "मुलांनो" आणि पुन्हा "श्श!" एकदा तर ती चांगली तिसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचली होती, डोळेही भरून आले होते तिचे. नेमका तेव्हा दिवा लागला आणि मी असा करकचून ब्रेक मारला की मागून ट्रकवाला दिल्लीतल्या सगळ्या शिव्या एका दमात देऊन गेला.

"अहो, आपण मरू एक दिवस," ती म्हणाली. "तुम्ही रस्त्याकडे बघतच नाही."

"दिवा खाली आहे त्याला मी काय करू? गाडी बनवणाऱ्याला विचार!"

अशातच संक्रांत आली. अलकनंदानं काळी साडी नेसून, काळी टिकली लावून घरोघर तीळगूळ वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आमटीसाठी चिंच भिजत घातलेली दिसली आणि माझ्या डोक्यात वीज चमकली! तांब्याची भांडी चिंचेनं लख्ख होतात ना? मग बॅटरीची टोकं का होणार नाहीत? वाटी उचलली, खाली गेलो, बॉनेट उघडलं आणि अर्धा तास घासत बसलो. अलकनंदा शाळेला उशीर होतोय म्हणून गाडीत बसून वाट बघत होती. आमटी त्या दिवशी बिनचिंचेची झाली, पण शास्त्रासाठी एवढं सोसावं लागतं.

आणि काय सांगू तुम्हाला! दिवा गेला! त्या दिवशी लागला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला तरी नाही! बदरपूरचा पूल शांत, आश्रमचा सिग्नल शांत. ज्या दिव्यानं अख्ख्या फरीदाबादचे मेकॅनिक थकवले, तो मूठभर चिंचेनं गार!

मग मी गप्प बसेन होय? सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट लिहिलं. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. यतीनला तर स्वतंत्र फोन केला. "ग्रेट, बाबा," तो म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. आमचे शेजारी नरसिंह देगलूरकर यांनी मात्र एक खुसपट काढलं. हा गृहस्थ बँकेतला, आणि माझ्या आनंदावर विरजण घालायचा त्याचा जुनाच धंदा.

"विनायकराव, किल्ली फिरवली की सुरुवातीला सगळे दिवे एकदा लागतात ना? त्यात हा लागतो का?"

"नाही लागत. अगदी मुळापासून बरा झालाय!"

"मुळापासून म्हणजे? तेव्हा तर लागायलाच हवा!"

"नरसिंह, तुमचं क्षेत्र ठेवी आणि व्याज. विजेचं माझ्यावर सोडा."

उलट माझं ऐकून त्यानं घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही चिंच लावली. इन्व्हर्टर त्याच रात्री कायमचा झोपला. "चिंच जुनी असेल," मी त्याला समजावलं.

मंडळाच्या हळदीकुंकवाला तर कळस झाला. अलकनंदा निवृत्त होणार म्हणून अध्यक्षीणबाईंनी तिला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. शाळेतल्या भाषणाची रंगीत तालीम होईल म्हणून तीही तयार झाली होती, हातात पदर घट्ट धरून पहिल्या रांगेत बसली होती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "त्याआधी विनायकरावांनी चिंचेचं दोन मिनिटांत सांगावं." आता विषयच असा, की दोन मिनिटांत कसा मावेल? विजेच्या इतिहासापासून सुरुवात केली. चिंचेतल्या आम्लापर्यंत आलो तेव्हा बायका वाण घेऊन दारात उभ्या होत्या. अध्यक्षीणबाई ओशाळून अलकनंदाला म्हणाल्या, "तुमचं पुढच्या वेळी हं, नक्की!"

निवृत्त होणाऱ्या बाईला पुढची वेळ कुठली? पण हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. घरी येताना मी तिला विचारलं, "कसा झाला माझा विषय?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "छान झाला."

अखेर जानेवारीचा शेवटचा दिवस उजाडला. उजाडला म्हणजे घड्याळात. बाहेर असं धुकं, की आमच्या गल्लीचं टोक दिसेना! अलकनंदानं पैठणी नेसली होती. शाळेतल्या मुलांसाठी तिनं स्वतः तिळाचे लाडू वळले होते. एवढा मोठा स्टीलचा डबा डिकीत ठेवला.

"आज मेट्रोनं जाऊ या का?" ती म्हणाली. "धुकं फार आहे."

"आज? शेवटच्या दिवशी? पैठणी नेसून मेट्रोत उभी राहणार तू? अगं, गाडी ठणठणीत आहे! आज तर हीटरसुद्धा लावतो, चल!"

आणि खरोखरच लावला. हीटर लावला, पुढचे दिवे, धुक्याचे दिवे, वायपर, मागच्या काचेवरची वाफ घालवणारी जाळी, सगळं लावलं! महिनाभरानं तिला गाडीत ऊब मिळाली. तिनं शाल काढून घडी केली, घसा खाकरला आणि म्हणाली, "मुलांनो..."

"तुला सांगतो," मी म्हटलं, "ही चिंच नसती ना, तर आज आपण एवढा भार टाकूच शकलो नसतो."

ती थांबली. शालीची घडी मांडीवर घेऊन समोरच्या धुक्याकडे बघत बसली.

बदरपूरच्या पुढे वायपर जरा आळसावले. "थंडी!" मी म्हटलं. मग हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजू लागला. "थंडीच!" मग स्टिअरिंग जड झालं. मग पुढचे दिवे निरांजनाएवढे उरले. आणि सरिता विहार स्टेशनच्या अलीकडे, मथुरा रोडच्या ऐन मधल्या लेनमध्ये, गाडीनं एक आचका दिला आणि प्राण सोडला.

मागे गाड्यांची रांग. हॉर्नचा गजर. कशीबशी दोघा रिक्षावाल्यांनी धक्का मारून गाडी कडेला लावली. मी किल्ली फिरवली. टक्! पुन्हा फिरवली. तेवढंसुद्धा नाही.

"पण दिवा तर लागला नाही!" मी ओरडलो. जवळचा चष्मा चढवला, खाली वाकलो आणि दिव्याच्या जागेवरची धूळ पुसायला अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीतरी गोल, चिकट लागलं. उजेडात धरून पाहिलं.

टिकली होती. काळी.

मी अलकनंदाकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही.

"मी लावली," ती म्हणाली. "तुम्ही चिंच घासत होतात तेव्हा. संक्रांतीच्या पाकिटातली उरली होती."

"अगं, पण का? धोक्याची सूचना असते ती!"

"तुम्ही रस्ता सोडून त्या दिव्याकडे बघत होतात. म्हटलं, दिवा दिसला नाही तर रस्ता तरी दिसेल. आणि..."

"आणि काय?"

"आणि मला एकदा तरी भाषण शेवटपर्यंत म्हणून बघायचं होतं. चार दिवसांत तुम्हाला सांगून टाकणार होते. पण तुम्ही चिंचेचं सुरू केलंत, सगळ्यांना सांगितलंत. मग कोणत्या तोंडानं सांगणार होते? तुमचं हसं झालं असतं."

आता एखाद्या बऱ्या माणसाला इथे काय वाटलं असतं? लाज वाटली असती. मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला!

"म्हणजे दोष होताच!" मी म्हटलं. "चार्जिंग होतच नव्हतं! म्हणजे ब्रश! मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो? ब्रश!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखादा मुलगा वर्षभर शिकवूनही तेच चुकीचं उत्तर देतो, तेव्हा बाई पाहतात तसं. मग तिनं शाल घेतली, पर्स घेतली. "चला. समोर मेट्रो आहे. गाडी राहू दे इथेच, नंतर बघू."

"भर रस्त्यात गाडी टाकून?"

"अहो, आज माझा शेवटचा दिवस आहे."

"मी कुठे नाही म्हणतोय? तू हो पुढे! क्रेन बोलावतो, गाडी गॅरेजात टाकतो आणि मागोमाग आलोच! भाषणाला मी पहिल्या रांगेत असणार!"

ती एक क्षण उभी राहिली. मग पैठणीचा घोळ एका हातात धरून धुक्यातून जिन्याकडे निघाली. मी बॉनेट उघडलं.

तेवढ्यात ट्रॅफिकचा शिपाई आला. "अंकल जी, ये खटारा यहाँ क्यों सजा रखा है?" मी त्याला अल्टरनेटर समजावून सांगू लागलो. तो ऐकेना. पावतीपुस्तक काढू लागला, तेव्हा मला डिकीतला डबा आठवला. अलकनंदा तो घ्यायला विसरली होती. म्हणजे द्यायला मी विसरलो होतो. "हमारे यहाँ का त्योहार है," म्हणून दोन लाडू पुढे केले. तो विरघळला. त्यानं साथीदाराला बोलावलं. धक्का मारणारे रिक्षावाले आले. क्रेनवाला आला, त्याचे दोन भाऊबंद आले. "आंटी जी ने बनाए हैं? बहुत बढ़िया!" सगळ्यांनी मनापासून दाद दिली. पहाडगंजच्या मुलांचा तीळगूळ सरिता विहारच्या नाक्यावर संपला.

गॅरेजात गाडी उतरवली तेव्हाही वेळ होती. खरंच होती. मेट्रो पकडली असती तर पोहोचलो असतो. पण मेकॅनिक अल्टरनेटर खोलायला बसला आणि माझा पाय हलेना. तेवढ्यात फोन वाजला. चेतना, अलकनंदाची शाळेतली धाकटी सहकारी.

"काका, कुठे आहात? आता बाईंचंच भाषण आहे."

"निघालोच! फक्त ब्रश बघतो आणि निघतो!"

"काय बघता?"

"ब्रश! सांग तिला, पाच मिनिटं!"

ब्रश निघाले. पार झिजलेले, नखाएवढे उरलेले! मी ते तळहातावर घेऊन मेकॅनिकला दाखवले, त्याच्या पोऱ्याला दाखवले, चहावाल्याला दाखवले. "देखा? पहले दिन बोला था मैंने!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कित्येक महिन्यांनी कुणीतरी माझ्या म्हणण्यावर मान डोलावत होतं हो! मग मी एक ब्रश पुडीत बांधून खिशात टाकला आणि धावत सुटलो.

शाळेत पोहोचलो तेव्हा सभागृहात शिपाई खुर्च्या एकात एक घालत होते. दारात चेतना भेटली. डोळे लाल झालेले.

"झाला का कार्यक्रम?"

"झाला, काका. काय बोलल्या हो बाई! मुलं रडली, आम्ही रडलो. शिपाई मामासुद्धा रडले." ती जरा घुटमळली. "सुरुवातीला नुसत्याच उभ्या होत्या माइकसमोर. दाराकडे बघत. मला वाटलं, घाबरल्या. मग पुढची मुलंच म्हणाली, बाई, बोला ना! मग बोलल्या."

अलकनंदा व्हरांड्यात उभी होती. खांद्यावर नवी शाल, हातात नारळ. चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं; काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी रिकामा डबा हातात धरून उभा राहिलो.

"पोहोचलात?" ती म्हणाली. "चला, निघू या."

आम्ही मेट्रोत बसलो. मंडी हाउसला गाडी बदलली आणि फरीदाबादच्या गाडीत शेजारी शेजारी जागा मिळाली. मांडीवर नारळ ठेवून ती समोर बघत होती. शेवटी मी विचारलं, "काय बोललीस गं भाषणात?"

"झालं ते आता," ती म्हणाली.

"तरी पण? सुरुवात तर मला माहीत आहे."

"एकदा बोलून झालं की झालं हो. पुन्हा नाही येत तसं." मग माझ्याकडे वळून, अगदी पालकसभेत एखाद्या बापाशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगा. गाडीचं काय निघालं? ब्रशच होते ना? सांगा, मी ऐकते."

आणि तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मी सांगितलं! पुडी सोडून ब्रश दाखवला. पट्ट्यापासून क्रेनपर्यंत सगळं साग्रसंगीत सांगितलं, जंगपुऱ्याच्या स्टेशनापासून थेट आमच्या बाटा चौकापर्यंत. तिनं मध्ये एकदाही माझं बोलणं तोडलं नाही.